पहिला नंबर कुणाचा?

काय दोस्तांनो, भांडायला तुम्हाला निमित्तच हवं होतं ना! तीन आठवड्यांपूर्वी याच पानावर मी एक साधा प्रश्न टाकला होता. तुम्ही वाचलेल्या अद्भुत कादंबऱ्या आणि विज्ञान कादंबऱ्या यांच्यात पहिला नंबर कुणाला द्याल? बस्स, एवढंच. मला वाटलं, पंधरा-वीस कार्डं येतील, त्यातलं एखादं छानसं निवडून छापू आणि मोकळे होऊ. कसलं काय! परवा पोस्टमननं मला विचारलं, "साहेब, तुमच्याकडे काही निवडणूक आहे का?"

कार्डं, पाकिटं, वहीचे फाडलेले कागद, आईच्या फोनवरून आलेले निरोप, सगळं एका चपलांच्या खोक्यात भरून ठेवलंय. निम्म्या पत्रांत पुस्तकाची स्तुती आहे आणि निम्म्या पत्रांत दुसऱ्याच्या पुस्तकाची निंदा! म्हणून आज कुणाचंच नाव छापत नाही. उगाच तुमच्या शाळेत हाणामारी नको.

पहिलं पत्र साताऱ्याच्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं. ती लिहिते, "काका, माझं मत हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागाला. पण दादाला कळू देऊ नका. दादा अकरावीत आहे. तो म्हणतो, जादूबिदू पाचवीपर्यंत ठीक असते, आता जरा चांगलं काहीतरी वाच. म्हणून मी ते पुस्तक भूगोलाच्या वहीत लपवून वाचते. खरंखरं सांगा, लहान मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक सगळ्यांत चांगलं असूच शकत नाही का?"

अगं, भूगोलाच्या वहीत तीनशे पानांचं पुस्तक मावतं कसं, हीच मला मोठी जादू वाटली! पण तुझा प्रश्न मात्र गमतीचा नाही. हा प्रश्न तुझ्या आधी जगातल्या बऱ्याच मोठ्या माणसांना पडलाय आणि त्यावरून ती तुझ्या दादापेक्षा जोरात भांडलीत. ते भांडण सांगायचं तर आधी एका रॉकेटची ओळख करून द्यायला हवी.

हे रॉकेट उडत नाही. ते बक्षीस म्हणून मिळतं. त्याचं नाव ह्यूगो. ह्यूगो गर्न्सबॅक नावाचे एक गृहस्थ होते. जन्म लक्झेंबर्गचा, पण १९०४ साली ते अमेरिकेत गेले आणि १९२६ साली त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. त्यांच्या नावाचं हे बक्षीस. विज्ञानकथांच्या वाचकांचं एक संमेलन असतं, त्याला म्हणतात वर्ल्डकॉन. पहिलं १९३९ साली न्यूयॉर्कला भरलं. १९५३ साली फिलाडेल्फियाच्या संमेलनात पहिल्यांदा ह्यूगो बक्षिसं दिली गेली. नाव जरी 'विज्ञान'वाल्यांचं असलं, तरी अद्भुत कादंबऱ्यांनाही ते मिळू शकतं.

आता खरी गंमत. हे बक्षीस कोण देतं? प्राध्यापक? समीक्षक? सरकार? छे! साधे वाचक देतात. संमेलनाची वर्गणी भरून सभासद व्हायचं, की झालात तुम्ही मतदार. आधी सगळे मिळून नावं सुचवतात. ज्यांना जास्त लोकांनी सुचवलं ती अंतिम यादीत येतात. पूर्वी पाच असायची, २०१७ पासून सहा आहेत. मग त्या यादीवर मतदान.

पण आपल्या वर्गात मॉनिटर निवडताना हात वर करतो ना, तसं नाही बरं का. इथं नंबर लावायचे असतात. माझ्या मते पहिलं हे, दुसरं हे, तिसरं हे. मोजणी करताना पहिल्या पसंतीची मतं बघतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत, तर सगळ्यांत मागे असलेलं पुस्तक बाद. मग त्याला मत देणाऱ्यांची दुसरी पसंती बघायची आणि ती मतं त्या-त्या पुस्तकाकडे वळवायची. असं करत करत शेवटी एक उरतं. याचा फायदा काय? समजा तीस मुलांच्या वर्गात बाराजणांना एक पुस्तक भयंकर आवडलं आणि अठराजणांना ते अजिबात आवडलं नाही, पण त्या अठरांची मतं तीन पुस्तकांत वाटली गेली. हात वर करण्याच्या पद्धतीत बाराजणांचं पुस्तक जिंकणार. नंबर लावण्याच्या पद्धतीत तसं होणं कठीण.

आणि यादीच्या शेवटी आणखी एक पर्याय असतो, तो मला फार आवडतो. 'नो अवॉर्ड', म्हणजे 'कुणालाच नको'. त्यालाही नंबर देता येतो!

तर आता सातारकर मैत्रिणीच्या पुस्तकाकडे. 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझ्काबान' हा तिसरा भाग १९९९ साली आला. (पहिला भाग तुमच्यातल्या पुष्कळांनी मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' म्हणून वाचलाय, मंजुषा आमडेकरांचा अनुवाद.) या तिसऱ्या भागानं वर्षभरात दोन मोठ्या लढती खेळल्या आणि दोन्ही हरला.

पहिली लढत इंग्लंडमध्ये, व्हिटब्रेड पारितोषिकाची. तिथं मुलांच्या पुस्तकांत तो पहिला आला. मग वेगवेगळ्या गटांतल्या विजेत्यांची एकमेकांशी गाठ पडते आणि त्यांतून वर्षाचं सर्वोत्तम पुस्तक निवडतात. जानेवारी २००० मध्ये परीक्षक बसले. समोर कोण? तर सीमस हीनी. आयर्लंडचे कवी, १९९५ चे नोबेल विजेते. त्यांनी 'बेवुल्फ' या हजारएक वर्षांपूर्वीच्या काव्याचं आजच्या इंग्रजीत रूपांतर केलं होतं. परीक्षकांत खडाजंगी झाली आणि हॅरी थोडक्यात हरला. काहींचं म्हणणं होतं, मुलांच्या पुस्तकाला असा मान द्यायचाच नसतो. बघा, अगदी तुझ्या दादाचं वाक्य!

आता 'बेवुल्फ'मध्ये काय आहे, ते सांगू? एक वीर आहे. तो ग्रेंडल नावाच्या राक्षसाला मारतो. मग राक्षसाची आई सूड घ्यायला येते, तिला मारतो. म्हातारपणी एका ड्रॅगनशी लढतो. म्हणजे लढत होती राक्षस-ड्रॅगनच्या जुन्या गोष्टीची आणि राक्षस-ड्रॅगनच्या नव्या गोष्टीची! जुनी गोष्ट 'अभिजात', नवी गोष्ट 'पोरांची'. हीनींचं काम उत्तम आहे, त्यांना बक्षीस मिळालं याचं मला वाईट वाटत नाही. पण 'जादूबिदू असली की पुस्तक लहानांचं' हे ज्यांना म्हणायचं होतं, त्यांनी त्या रात्री ड्रॅगनलाच बक्षीस दिलं हे विसरू नका.

दुसरी लढत त्याच वर्षी सप्टेंबरात, शिकागोच्या वर्ल्डकॉनमध्ये. इथं परीक्षक नव्हते, वाचक होते. हॅरीचा तिसरा भाग अंतिम पाचांत आला आणि पुन्हा हरला. जिंकलं व्हर्नर विंजी यांचं 'अ डीपनेस इन द स्काय'. विंजी गणित आणि कॉम्प्युटर शिकवणारे प्राध्यापक होते. त्यांच्या पुस्तकात एक विचित्र तारा आहे. अडीचशे वर्षांपैकी साधारण पस्तीस वर्षंच तो पेटलेला असतो, बाकी विझलेला! विझला की त्याच्या ग्रहावरची हवासुद्धा गोठते. त्या ग्रहावर राहणारे कोळ्यांसारखे जीव जमिनीखाली खोल जाऊन गोठून झोपतात आणि तारा पेटला की पुन्हा उठून कामाला लागतात. शाळा, भांडणं, राजकारण, शोध, सगळं तिथून पुढे चालू. विचार करा, परीक्षेच्या आदल्या दिवशी तारा विझला तर! पुस्तक भलतंच जाड आणि अवघड आहे, कॉलेजात गेल्यावर वाचा. पण माझा कौल विचाराल तर या लढतीत विंजी जिंकले ते बरोबरच झालं.

आणि मग उगवलं २००१. हॅरीचा चौथा भाग, 'गॉब्लेट ऑफ फायर', अंतिम यादीत. संमेलन पुन्हा फिलाडेल्फियाला, जिथं पहिलं ह्यूगो दिलं होतं तिथंच. समोर जॉर्ज मार्टिन यांची 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्‌स' ही मोठी कादंबरी (ती मात्र मोठ्यांचीच, रक्तबंबाळ आहे, अठरा वर्षांचे झाल्याशिवाय हात लावू नका), शिवाय रॉबर्ट सॉयर, केन मॅक्लाउड आणि नॅलो हॉपकिन्सन यांची पुस्तकं. वाचकांनी नंबर लावले, मोजणी झाली, आणि रॉकेट गेलं हॅरी पॉटरला!

झालं! जुनेजाणते वाचक बिथरले. कुणी म्हणालं, यात विज्ञान कुठाय? कुणी म्हणालं, हे शाळकरी पोरांचं पुस्तक. कुणी म्हणालं, आधीच इतकं खपतंय, त्याला बक्षीस कशाला? या तिन्ही तक्रारी नीट बघा. पहिली नियमालाच धरून नाही, कारण नियमात अद्भुत चालतं. तिसरी म्हणजे श्रीमंताच्या मुलाला पहिला नंबर देऊ नका म्हणण्यासारखं. दुसरी तक्रार दादाची. तिन्हींत एक गंमत आहे. पुस्तकात काय लिहिलंय याबद्दल एकही शब्द नाही!

आता ऐका माझं मत. पटलं नाही तर मलाही शिव्या घाला, खोक्यात जागा आहे. ज्यांनी तिसरा आणि चौथा भाग वाचला नाही, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद डोळे मिटून ओलांडावेत, नाहीतर रहस्य फुटेल.

तिसरा भाग हा माझ्या लेखी सातांतला सगळ्यांत रेखीव. तळ्याकाठी हॅरी मरायला टेकलेला असताना पलीकडच्या काठावरून कुणीतरी मंत्र टाकून त्याला वाचवतं. त्याला वाटतं, आपले बाबाच आले. पुढे हर्मायनीच्या त्या छोट्या यंत्रानं दोघं तीन तास मागे जातात, हॅरी त्या पलीकडच्या काठावर बाबांची वाट बघत उभा राहतो आणि कुणीच येत नाही. मग त्याच्या लक्षात येतं, तो माणूस आपणच होतो. काळात मागे जाण्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण एका अनाथ मुलाचं दुःख आणि काळाचं कोडं एकाच किल्लीनं उघडावं, हे क्वचित जमतं. आणि सगळी टोकं जुळतात. मी कागदावर तक्ता काढून तपासलंय.

चौथा भाग? इंग्लंडच्या पहिल्या आवृत्तीत तिसऱ्याची पानं ३१७, चौथ्याची ६३६. जवळजवळ दुप्पट. स्पर्धा मजेदार आहे, शेवटचं स्मशान अंगावर येतं, कबूल. पण खलनायकाला काय हवं असतं? हॅरीनं एका भारलेल्या वस्तूला हात लावायचा, की तो उचलला जाऊन त्या स्मशानात पोचणार. बरं, खलनायकाचा माणूस तर शिक्षकाच्या वेषात रोज वर्गातच होता. पहिल्याच आठवड्यात 'पॉटर, तो खडू दे' म्हणाला असता तरी काम झालं असतं! त्यासाठी वर्षभर स्पर्धा, ड्रॅगन, तळं, भूलभुलैया एवढा खटाटोप कशाला? हे भोक मला बुजवता आलेलं नाही. कुणाला येत असेल तर लिहा.

म्हणजे माझ्या हिशेबानं तिसरा भाग हरला ते ठीक, कारण समोर त्याहून सरस पुस्तक होतं. चौथा जिंकला ते मला पटत नाही. पण का पटत नाही, ते मी पुस्तक उघडून दाखवू शकतो. 'पोरांचं आहे' एवढं म्हणून मी सुटलो असतो, तर मी पुस्तकाबद्दल बोललोच नसतो, पोरांबद्दल बोललो असतो.

आणि हो, दादाला हेही सांग. इंग्लंडच्या त्याच व्हिटब्रेडच्या परीक्षकांपुढे दोनच वर्षांनी, जानेवारी २००२ मध्ये, आणखी एक मुलांचं पुस्तक आलं. फिलिप पुलमन यांचं 'द ॲम्बर स्पायग्लास'. त्यात बोलणारी चिलखती अस्वलं आहेत, चेटकिणी आहेत, प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्याबरोबर हिंडतो. आणि ते वर्षाचं सर्वोत्तम पुस्तक ठरलं. मुलांच्या पुस्तकाला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

नागपूरच्या एका आठवीतल्या दोस्ताला मात्र हे मुळीच पटणार नाही. त्याचं पत्र म्हणजे वकिलाची नोटीसच! तो म्हणतो, "विज्ञान खरं असेल तरच पुस्तक ग्रेट. म्हणून ज्यूल व्हर्न पहिला. बाकी सगळ्या थापा." त्यानं भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेलं 'चंद्रावर स्वारी' चारदा वाचलंय. शाब्बास! व्हर्ननं ती कादंबरी १८६५ साली लिहिली. यान सुटतं फ्लोरिडातून, आत तीन माणसं, आणि पुढच्या भागात ते उतरतं प्रशांत महासागरात. १९६९ साली अपोलो-११ सुटलं फ्लोरिडातून, आत तीन माणसं, उतरलं प्रशांत महासागरात. अंगावर काटा येतो ना?

पण अरे वकीलसाहेब, जरा गणित करूया का? व्हर्नचं यान तोफेतून उडतं. तोफेची नळी ९०० फूट, म्हणजे साधारण २७५ मीटर. सुटताना वेग सेकंदाला ११ किलोमीटर. शून्यापासून एवढा वेग एवढ्याशा नळीत गाठायचा म्हणजे सेकंदाचा विसावा भाग मिळतो. त्वरण काढलं तर गुरुत्वाच्या सुमारे बावीस हजार पट येतं! तुझं वजन ३० किलो धरलं तर त्या क्षणी ते ६६० टन वाटेल. प्रवाशांची चटणीसुद्धा उरणार नाही. व्हर्ननं धक्का शोषायला पाण्याचा थर ठेवलाय खरा, पण त्यानं काय होणार!

मजा म्हणजे हेच भांडण व्हर्न स्वतः भांडला होता. एच. जी. वेल्सनं १९०१ च्या आपल्या कादंबरीत गुरुत्व अडवणारा 'कॅव्होराइट' नावाचा पदार्थ कल्पिला आणि माणसं चंद्रावर धाडली. व्हर्न म्हाताऱ्या वयात कुरकुरला, की मी पदार्थविज्ञान वापरतो, हा गृहस्थ मनाला येईल ते बनवतो, कुठाय तो धातू, दाखवा म्हणावं! आता बघ, वेल्सचा पदार्थ अशक्य आणि व्हर्नची तोफही अशक्य. फरक एवढाच, की व्हर्ननं आकडे दिले, म्हणून आपण त्याला चूक ठरवू शकलो. हा त्याचा मोठेपणाच आहे. त्यामुळे तुझं मत मी मोजतो, पण 'बाकी सगळ्या थापा' हे खोडतो.

आता एक नाजूक प्रकरण. एका गावाहून, गावाचं नाव राहू दे, एकवीस कार्डं आली. एकाच दिवशी, एकाच पुस्तकाला मत, आणि लेखकाच्या नावातली चूकही सगळीकडे तीच! वर शेवटी 'सर्वांनी मिळून ठरवले आहे' असं सातजणांनी लिहिलंय. दोस्तांनो, निदान अक्षर तरी वेगळं काढायचं!

रागावलो नाही मी. मोठी माणसंही हेच करतात. २०१५ साली ह्यूगोच्या वेळी काही गटांनी नावांच्या तयार याद्या वाटल्या, की एवढीच नावं सुचवा. सुचवणारे विखुरलेले असतात, त्यामुळे एकगठ्ठा मतांनी काही विभागांच्या अंतिम यादीत त्यांचीच नावं भरली. मग मतदारांनी काय केलं? तो 'कुणालाच नको'चा पर्याय उचलला. पाच विभागांत त्या वर्षी बक्षीसच दिलं गेलं नाही!

आणि कादंबरीच्या विभागात तर गोष्टीत शोभावी अशी गोष्ट घडली. मार्को क्लोस नावाच्या लेखकाची कादंबरी त्या वाटलेल्या याद्यांमुळे अंतिम पाचांत आली होती. अशा मार्गानं आलेली जागा मला नको, म्हणून त्यानं स्वतःहून नाव मागे घेतलं. रिकाम्या जागेवर पुढची कादंबरी वर सरकली. ती होती चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम', केन लिऊ यांनी इंग्रजीत आणलेली. आणि तीच जिंकली! अनुवादित कादंबरीला ह्यूगो मिळण्याची ती पहिली वेळ. म्हणजे १९५३ पासून बासष्ट वर्षं गेली, आणि नावात 'वर्ल्ड' असलेल्या संमेलनाला तोवर इंग्रजीबाहेरची एकही कादंबरी पहिली वाटली नव्हती. वाटणार कशी? वाचलीच नसेल तर!

म्हणूनच डोंबिवलीच्या एका नववीतल्या मैत्रिणीचं पत्र मी मुद्दाम इथपर्यंत राखून ठेवलं. ती विचारते, "काका, तुमच्या खोक्यात मराठी नावं किती आली? मी जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'ला मत दिलं तर मैत्रिणी म्हणाल्या, हे काय, शाळेच्या धड्यातलं वाटतं."

मोजली गं. पाच. त्यातलं एक तुझं.

'वामन परत न आला' मीही पुन्हा काढून वाचली. जमिनीत खोल गाडलेली एक पेटी सापडते, आपल्याआधी होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीची. तिच्यातल्या माहितीवरून आपले शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव बनवतात. पण ती संस्कृती नाहीशी का झाली, हे कुणी विचारलंच नाही तर? आज घरोघरी मशीनशी गप्पा मारणाऱ्या तुम्हा मंडळींना ही गोष्ट तेव्हाच्या वाचकांपेक्षा जास्त जवळची वाटेल. संवाद कुठे कुठे कोरडे आहेत, शास्त्रज्ञ कधी कधी व्याख्यान देतात, हेही खरं. धड्यासारखं वाटतं असं मैत्रिणी म्हणाल्या असतील तर त्या वाक्यांपुरतं त्यांचं बरोबर आहे. पण पुस्तक वाचून म्हणाल्या का?

नारळीकरांचा एक किस्सा तुला सांगतो, तो तुझ्या कामाचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. नाव सगळीकडे गाजलेलं. त्यांनी 'कृष्णविवर' नावाची कथा लिहिली. पण स्वतःचं नाव घातलं असतं तर परीक्षक दबले असते. म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं ज, वि, ना उलटी केली आणि लेखकाचं नाव टाकलं 'नारायण विनायक जगताप'. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोच्या हातून, मंगलाताईंकडून, लिहून घेतली! पहिलं बक्षीस या जगतापांना मिळालं. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा मला त्यांच्या विश्वाच्या सिद्धांताआधी हे जगतापच आठवले.

राहिले किरकोळ प्रश्न. सांगलीच्या जुळ्या भावांनी विचारलंय, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही भागांना मिळून एक मत चालेल का? चालेल. १९६६ साली ह्यूगोमध्ये सर्वोत्तम मालिकेचं खास बक्षीस ठेवलं होतं आणि खुद्द आयझॅक असिमॉव्हला खात्री होती की ते टोल्किनच्या याच पुस्तकाला जाणार. मिळालं असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'ला! तेव्हा जुळ्यांनो, हरायची तयारी ठेवा. (मला स्वतःला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' दोनदा अर्ध्यावर सोडावं लागलं होतं. तिसऱ्या खेपेला पार पडलो, आणि मग चार दिवस कुणाशी नीट बोललो नाही.) फास्टर फेणेला मत देणाऱ्या अकराजणांनो, फेणे माझाही लाडका आहे, पण तो सायकलवरून जातो, झाडूवरून नाही. साहसकथांचा वेगळा दरबार भरवू तेव्हा या.

तर आता खरं मतदान. जुनी कार्डं सगळी रद्द, एकवीसच्या एकवीससुद्धा. नव्या कार्डावर तीन पुस्तकांची नावं लिहा, आवडीच्या क्रमानं. तिन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचलेली हवीत. एखाद्या जागेवर 'कुणालाच नको' लिहिलंत तरी चालेल. प्रत्येक नावापुढे एक ओळ, पुस्तकातलीच काहीतरी गोष्ट दाखवणारी. 'भारी', 'बोअर', 'फेमस आहे' आणि 'लहान मुलांचं आहे' हे शब्द आले की कार्ड बाद! पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत पोचायला हवीत. मोजणी नंबरवारीनंच करणार, आणि कोणतं पुस्तक कुठल्या फेरीत बाद झालं तेही छापणार.

सातारकर मैत्रिणी, तुझ्या दादाचं कार्ड वेगळ्या पाकिटात पाठव. अझ्काबान वाचून मग त्याला ते शेवटच्या नंबरला टाकायचं असेल तर खुशाल टाकू दे. त्याच्यासाठी मी दोन दिवस जास्त थांबेन. आणि तेवढे दिवस पुस्तक त्याच्याकडे असेल, तेव्हा भूगोलाची वही जरा भूगोलासाठी वापर.

तुमचा,
पुस्तककाका